जंतूचा श्रावण

श्रावणात जंतूला उपास घडवता येतो का हो? हसू नका, उत्तर द्या. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेनं तो घडवून पाहिला, आणि त्यात शिरड शहापूरच्या सिंधूबाईच्या एकोणीस मेंढ्या गेल्या.

प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. फुकटची प्रसिद्धी कशाला? तिथं सटवाजी आहे. डोंगरकडा गावचा, वय बावन्न, नववी नापास, हुद्दा परिचर. हुद्द्याचं काम काचेच्या नळ्या धुण्याचं. कागदावर नसलेलं काम जंतूंच्या स्वयंपाकाचं. चोवीस वर्षं तो ते करतोय.

हवेत मरणारे जंतू असतात, हे मला त्यानंच शिकवलं. "मेंढीच्या आतड्यातला हा जंतू लई नखऱ्याचा, भाऊ. साखरपाण्यावर भागत न्हाई त्याचं. मटणाचं पाणी लागतं, अन् त्यात मटणाचा चुरा. चुरा त्याला खाऊ बी घालतो अन् नळीतली हवा बी गिळतो."

म्हणून हा खाटकाकडून बोकडाचं दिल, म्हणजे हृदय, आणणार, चरबी काढणार, बारीक चिरणार, शिजवणार, नळ्यांत भरणार. नमुना घालायच्या आधी नळी पुन्हा उकळणार, उरलीसुरली हवा जावी म्हणून. एकदा त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, विचारलं, "इतक्या निगुतीनं आमच्यासाठी काहून न्हाई केलं कदी?"

यंदा श्रावण लागला आणि प्रमुख हरीश साहेबांनी फर्मान काढलं: महिनाभर इमारतीत मांस शिजणार नाही. साहेब श्रावण पाळतात. पाळोत, माझी तक्रार नाही. पण त्यांनी जंतूंनाही पाळायला लावला! मटणाच्या जागी सोयाबीनच्या वड्या.

"प्रथिनं उलट जास्त आहेत, सटवाजी. शिवाय आपल्या जिल्ह्याचं पीक."

"पण साहेब, वडीच्या पोटात हवा ऱ्हाते. बघा ना, तरंगून राहिली."

"तू नळ्या धू."

आता श्रावणात काय होतं? माळावर कोवळं गवत येतं, मेंढ्या अधाशासारख्या खातात आणि त्यांना आंत्रविषार होतो, म्हणजे आतड्यातला हाच जंतू माजून विष सोडतो. संध्याकाळी धडधाकट आलेली मेंढी सकाळी फुगून आडवी. सिंधूबाईच्या चार गेल्या, तेव्हा ती आतड्याचा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून एसटीनं घेऊन आली. रिपोर्ट मिळाला: जंतू वाढला नाही. जंतू नाही म्हणजे रोग नाही, रोग नाही म्हणजे लस नाही. अकरा गेल्यावर ती दुसरा तुकडा घेऊन आली. रिपोर्ट तोच. मग ती माझ्याकडे आली; लोकांची गाऱ्हाणी साहेबांपर्यंत नेणं हा माझा उद्योग.

"भाऊ, माझ्या मेंढ्या काय साहेबाला तकलीफ द्यायला मरून राहिल्या?"

मी तिला घेऊन गेलो आणि आवाज चढवला. माझ्याकडे दुसरी पदवी नाही. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की रिपोर्ट शास्त्रीय आहे. बाहेर येताना मोरीपाशी सटवाजी हळूच सिंधूबाईला म्हणाला, "बाई, उद्या ताजा तुकडा आणा. जंतूचा डबा मी घरून आणतो."

आणि आणला. जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली, मटणाच्या दोन नळ्या. एकाच तुकड्यातला नमुना त्यानं थोडा वडीच्या नळीत घातला, थोडा स्वतःच्या नळ्या उकळून, निववून, त्यांत. दुसऱ्या दिवशी वडीची नळी तीर्थासारखी नितळ. सटवाजीच्या नळ्यांत बुडबुडेच बुडबुडे, मटणाचा चुरा गुलाबी झालेला. त्यानं त्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि रिपोर्ट लिहिला: 'माध्यमात किंचित सुधारणा केल्यावर जंतू आढळला.' खाली सही त्यांचीच. चार दिवसांत लस आली. तोवर एकोणीस झाल्या होत्या.

सटवाजीला काय मिळालं? मेमो. श्रावणात कार्यालयात मांसाहारी पदार्थ आणल्याबद्दल. खुलासा सात दिवसांत.

मी रागारागात दोन पानी खुलासा लिहून दिला. त्यानं तो घडी करून खिशात घातला आणि स्वतः दोन ओळी लिहिल्या: 'पदार्थ मी खाल्ला नाही. ज्याला खाऊ घातला, त्यानं रिपोर्ट दिला.'

साहेबांना खुलासा समाधानकारक वाटला नाही. सोमवारी सुनावणी आहे, आणि त्यात सटवाजीची नोकरी जाऊ शकते. गेली तर पुढच्या श्रावणात नळीत काय शिजेल हे तुम्हीच ओळखा.

सिंधूबाईनं एक कागद केलाय: 'आमच्या उरलेल्या मेंढ्या सटवाजीच्या स्वयंपाकानं वाचल्या. त्याला कामावर ठेवा.' खाली सत्तावीस मेंढपाळांचे अंगठे नि सह्या आहेत. शिरड शहापूरला उतरा, कोणालाही तिचा वाडा विचारा, आणि सोमवारच्या आत त्या कागदावर सही करा. श्रावण पाळत असाल तरी या. कागदावर मटण नाही.