पाळणाघराच्या रजिस्टरातली वेळ

नोकरीत पाहिलेली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कोणाला कुठे धरलं, कोणाची जमानत कधी झाली, विचारलं तर सांगता येणार नाही. त्या मुलीचं प्रकरण मात्र वेगळं राहिलं. त्या दिवशी तिची ओढणी कोणत्या रंगाची होती तेही मला सांगता येईल. नावं लिहीत नाही. माणसं अजून याच शहरात राहतात.

माझे यजमान जबलपुरातच पोलिसात शिपाई होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. शाळा चौथीपर्यंत, म्हणून आधी पोलीस लाइनच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या. पुढे वर्दी मिळाली, ठाण्यात आले, आणि निवृत्त झाले तेव्हा हवालदार होते. बाईची चौकशी असली की तिथे महिला कर्मचारी बसलेली लागते, ती मी. बोलायचं काही नाही. पाणी द्यायचं आणि बसायचं. मला चार माणसांत बोलायचा संकोच, तेव्हा हे काम मानवलं. साहेब लोक समोरच्याच्या तोंडाकडे पाहत, मी हातांकडे पाहायची.

प्रकरण मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्यांचं होतं. टॉवरच्या पायथ्याशी कुलूपबंद खोली असते, तिच्यात मोठ्या बॅटऱ्या. वीज गेली की टॉवर त्यांच्यावर चालतो. शहपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चार टॉवरच्या बॅटऱ्या तीन महिन्यांत चोरीला गेल्या. वीज होती तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग वादळात एका गावाची वीज गेली आणि सगळे फोन एकदम मुके झाले. नेमक्या त्याच दुपारी तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. अँब्युलन्सला फोन लागेना. घरच्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला दवाखान्यात आणलं. बाळ-बाळंतीण दोघं वाचली, पण गावाने रस्ता अडवला, पेपरात छापून आलं, आणि आमच्या टी.आय. साहेबांना वरून रोज फोन येऊ लागला. टी.आय. म्हणजे ठाण्याचे प्रमुख.

खबर दिली ती शहरातल्या ओमती भागातल्या एका मुखबिराने. खबऱ्याला आमच्याकडे मुखबिर म्हणतात. हा इन्व्हर्टर दुरुस्त करायचा. म्हणाला, "साहब, नंबर घिसी हुई बैटरियाँ घूम रही हैं. इतनी बड़ी बैटरी घर में कौन लगाता है?" त्या खबरीवरून आमच्या हद्दीतलं भंगाराचं एक गोदाम सापडलं. बॅटऱ्या जप्त झाल्या, पंचनामा झाला. गोदामवाला एवढंच सांगे की टेम्पो येतो, माल उतरतो, आणणाऱ्याचं नाव माहीत नाही.

साहेबांना दुसराच प्रश्न पडला होता. टॉवरच्या खोलीचं दार उघडलं की कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये घंटी वाजते. चार वेळा दार उघडलं. एकदाही घंटी का वाजली नाही?

कंट्रोल रूममध्ये मुलीही काम करतात, म्हणून जाताना त्यांनी मला गाडीत घेतलं. थंडगार खोली, भिंतभर पडदा, त्यावर टॉवरचे ठिपके, हिरवे, पिवळे, लाल. एक वयस्कर इंजिनिअर होते, त्यांना समजावून सांगायची फार हौस. "नेटवर्क सँभालना मतलब पाँच काम," ते बोटं मोजत म्हणाले. बिघाड कुठे झाला ते पकडायचं. कोणत्या टॉवरला काय जोडलं आहे त्याची मांडणी ठेवायची. कोणी किती वापरलं ते मोजायचं. चाल कुठे मंदावली त्यावर नजर ठेवायची. पाचवं सांगणार एवढ्यात साहेबांचा फोन वाजला, साहेब बाहेर गेले, आणि इंजिनिअरही थांबले. माझ्या एकटीसाठी कोण पुढे सांगणार? चार कामं मात्र मी पाठ करून आले. मला भराभर लिहिता येत नाही, म्हणून तारखा, नंबर, नावं, सगळं पाठच करायची सवय.

साहेब परत आल्यावर इंजिनिअरने कॉम्प्युटरमधून कागद काढून दिला. टॉवरवर दुरुस्तीला माणूस जाणार असेल तर घंटी उगाच वाजू नये, म्हणून इथून त्या टॉवरला 'काम चालू' असं ठेवतात. तेवढा वेळ दार उघडलं तरी कोणाला कळत नाही. चारही चोऱ्यांच्या दिवशी, संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या मध्ये, त्या त्या टॉवरला असं ठेवलेलं होतं. दुरुस्तीला कोणी गेलंच नव्हतं. आणि चारही वेळा लॉगिन एकाच मुलीचं. हजेरीचं कार्डही सांगत होतं की ती चारही दिवस सहा वाजेपर्यंत आत होती. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण पुसलं गेलं होतं.

तिला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. तिशीच्या आतली, मराठी घरातली मुलगी. नवरा रेल्वेत, गाडीवर बाहेर. दोन दिवस चौकशी चालली, दोन्ही दिवस मी बाजूला.

"आईडी आपकी?" साहेबांनी विचारलं.

"जी."

"पासवर्ड आपका?"

"जी."

"छह बजे तक आप वहीं थीं?"

"जी... थी."

"फिर टॉवर को किसने सुलाया? भूत ने?"

"पता नहीं, सर."

पहिल्या दोन उत्तरांना तिचे हात शांत होते. 'थी' म्हणताना तिने पिवळ्या ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. मी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या शिफ्टचा इन्चार्ज ठाण्यात आला. चाळिशीचा, मऊ बोलणारा. तिच्यासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन आला होता. ती त्याला भैया म्हणे. साहेबांपुढे हात जोडून म्हणाला, "छोटी बहन जैसी है साहब. कुछ गलती हो गई होगी इससे." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र ते वाक्य टोचलं. ठाण्यात आपल्या माणसासाठी आलेले लोक मी आयुष्यभर पाहिले. आई असो, भाऊ असो, पहिलं वाक्य एकच असतं: त्याने केलं नाही. 'गलती हो गई होगी' म्हणत कोणी येत नाही.

पाच वाजता साहेब मला बाहेर बोलावून म्हणाले, "दीदी, कल सुबह गिरफ्तारी करेंगे. सूरज डूबने के बाद लेडीज़ को रख नहीं सकते. आज बयान पूरा करके जाने दो."

मी आत आले. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. कालही याच वेळेला पाहत होती.

"काहून घड्याळ पाहून राहिली सारखी?" मी मराठीत विचारलं.

ती दचकली. "काकू, तुम्ही मराठी?"

"मग काय. बोल."

"माझी मुलगी इथे गोरखपुर मोहल्ल्यातल्या पाळणाघरात आहे. सहाला बंद होतं. काल शेजारणीने आणलं, आज ती गावाला गेली."

"तुझं बयान अजून अर्धा-पाऊण तास चालेल. मी आणते."

तिने माझ्या वर्दीकडे पाहिलं. "काकू, अशा नका जाऊ ना. तिथे सगळ्या बाया ओळखीच्या आहेत."

घरी जाताना नेसायची सुती साडी माझ्या पेटीत असे. ती नेसले. मुलीने पाळणाघरात फोन करून सांगून ठेवलं. साहेबांना विचारून मी ऑटोने गेले.

पाळणाघराची बाई कडक होती. मूल हातात द्यायच्या आधी तिने रजिस्टरातलं या पोरीचं पान पुढे केलं. तारीख, वेळ, नेणाऱ्याचं नाव, नातं, सही. "घड़ी देखकर टाइम लिखो," म्हणाली. मी वेळ लिहिली, नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात हात थांबला.

"मौसी लिख दो, और क्या," बाई म्हणाली.

मी मावशी लिहिलं. माझं लिहिणं हळू, म्हणून पान बराच वेळ समोर राहिलं. वरच्या ओळीत शेजारणीची सही होती, तिच्या वर त्या मुलीच्या सह्या, रोजच्या. पाच चाळीस. पाच पंचेचाळीस. पाच चाळीस. चारही तारखा मला पाठ होत्या. मी पानं मागे उलटली. चारही दिवशी तिची सही, सहाच्या बरीच आधीची. कंट्रोल रूमपासून पाळणाघरापर्यंत यायला वीस मिनिटं लागतात. म्हणजे त्या चारही वेळी ती खुर्चीत नव्हतीच.

ठाण्यात आल्यावर पोरगी तिच्या कुशीत दिली आणि हळूच विचारलं, "तू रोज लवकर निघतेस ना?"

तिने माझा हात धरला. "काकू, साहेबांना सांगू नका. भैयांची नोकरी जाईल. ही झाली तेव्हापासून, दीड वर्ष, तेच मला पाऊण तास आधी सोडतात. कार्डही तेच लावतात."

"आणि कॉम्प्युटरवर?"

"माझं लॉगिन बंद करून दुसरं उघडायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडदा रिकामा ठेवता येत नाही. म्हणून माझ्याच लॉगिनवर ते बसतात. पण ते नाही करणार असं. ते नसते तर मी नोकरीच सोडली असती."

"उद्या तुला अटक होणार आहे, बाई."

ती पोरीच्या केसांत तोंड खुपसून रडली, पण सांगा असं म्हणाली नाही.

इतक्या वर्षांत साहेबांच्या खोलीत मी न बोलावता कधी गेले नव्हते. त्या संध्याकाळी गेले. मुंशीजी, म्हणजे ठाण्याचा रोजनामचा सांभाळणारे, तिथेच कागदांवर सह्या घेत उभे होते. मी रजिस्टरचं सांगितलं.

साहेब म्हणाले, "दीदी, रजिस्टर में कोई भी कुछ भी लिख दे. कंप्यूटर झूठ नहीं बोलता."

"बोलता है, साहब," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "मेरे नाम से रोज़ मुंशीजी बैठते हैं."

खरं तेच होतं. ठाण्यात कॉम्प्युटर आला तेव्हापासून माझी आमद आणि रवानगी, म्हणजे आल्या-गेल्याची नोंद, माझ्या लॉगिनने मुंशीजीच टाकत. माझा पासवर्ड त्यांच्या ड्रॉवरमध्ये चिठ्ठीवर लिहिलेला होता. मला जमत नव्हतं, त्यांनी सांभाळून घेतलं होतं. नियमाने दोघांवरही कारवाई झाली असती.

"दीदी, मरवा दिया आपने," मुंशीजी पुटपुटले.

साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मतलब परसों मेडिकल कॉलेज जाने की जो रवानगी आपने डाली..."

"मैं तो तब तक मेडिकल पहुँच गई थी, साहब."

साहेब हसले. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग त्यांनी मुलीच्या फोनचं रेकॉर्ड पुन्हा काढायला लावलं. ती कोणाशी बोलली ते आम्ही पाहिलं होतं, कुठून बोलली ते पाहायचं राहून गेलं होतं. चारपैकी तीन संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला तिने नवऱ्याला फोन केला होता, आणि तिन्ही वेळा गोरखपुरच्या टॉवरवरून. बॅटऱ्या टॉवरच्याच गेल्या, साक्षही टॉवरनेच दिली.

सकाळी इन्चार्जला बोलावलं. मुलगी समोर बसली होती. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "पाँच बजे के बाद इनकी कुर्सी पर कौन बैठता है?"

त्याने साहेबांकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे वळला. "तूने बता दिया?"

त्यापुढे फार विचारावं लागलं नाही. टॉवर दुरुस्तीच्या ठेक्यावरून काढलेला एक माणूस त्याच्या ओळखीचा होता. कुलपांच्या किल्ल्या त्या माणसाकडे, ठिपका गप्प ठेवायचं काम याच्याकडे. टेम्पोही तिसऱ्या दिवशी सापडला.

इंजिनिअर बयान द्यायला आले तेव्हा मी धीर करून विचारलं, "सर, वो पाँचवाँ काम क्या था?"

"सुरक्षा," ते म्हणाले. "कौन अंदर आया, और जिसके नाम से आया, वही था या नहीं."

मुलीला कंपनीने ताकीद दिली, पण कामावर ठेवलं. तिची वेळही बदलून दिली: पाऊण तास आधी यायचं, पाऊण तास आधी जायचं. दीड वर्षात हे कोणी उघडपणे मागितलंच नव्हतं.

एकदा ती पोरीला घेऊन मला भेटायला आली. आता तीही मला काकूऐवजी मावशी म्हणू लागली होती. म्हणाली, "मावशी, ते मला सोडत होते ते सगळं खोटंच होतं का?"

मी विचार करून सांगितलं, "चोऱ्या तीन महिन्यांच्या, सोडणं दीड वर्षाचं. आधीचं खरं असेल. नंतर त्याला रिकामी खुर्ची दिसली असेल."

तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. मी मात्र त्या दिवसापासून मुंशीजींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. माझंही नाव किती वर्षं दुसऱ्याच्या हातात होतं. त्या माणसाला काहीही करता आलं असतं. त्याने रोज माझी आमद टाकली, रोज रवानगी टाकली, आणि माझ्या नावाला बोट लावलं नाही. त्याचे उपकार मला तोवर कळलेच नव्हते. साहेबांचेही मानते. त्यांनी कारवाई केली नाही. मुंशीजींना एवढंच म्हणाले, "एक हफ्ते में इनको सिखाओ."

आठवडा नाही, दोन महिने लागले. "अँगूठा नहीं लगाना है दीदी, बटन दबाना है," मुंशीजी रोज चिडवत. चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर फाडली. पहिली आमद टाकायला मला पंचवीस मिनिटं लागली.

निवृत्तीच्या दिवशी हार घातले, चहा झाला. मग मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि माझी शेवटची रवानगी टाकायला घेतली. मुंशीजी मागे उभे होते. एक अक्षर चुकलं. त्यांनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. मी ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं.