गोंदण सोडून

माझा स्वभाव तापट. आईवर गेलेय असं सगळे म्हणायचे, एक आई सोडून. आमची सगळ्यात मोठी भांडणं झाली ती तिच्या उजव्या हातावरून, आणि आता ती भांडणं आठवली की मला रडू येतं.

आईनं जन्मभर मासळी केली. आमच्या कोळीवाड्यात बोंबील वाळत घालायचे म्हणजे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. सकाळपासून हेच, शेकड्यांनी. आईचा हात असा काही चालायचा की आम्ही मुली काम टाकून बघत बसायचो आणि वर शिव्या खायचो. साठी उलटली आणि नेमका त्याच हाताचा अंगठा मनगटापाशी धरला. शेक झाला, तेल झालं, कुणी सांगितलं म्हणून दृष्ट काढून झाली. कप उचलताना तिचं तोंड वाकडं व्हायचं. बोंबलांच्या दिवसांत ती नुसती मांडवाखाली बसून बाकीच्या बायकांच्या चुका काढायची. ते मला बघवेना.

मी अलिबागला सरकारी कचेरीत नोकरीला होते. कचेरीजवळ एक फिजिओथेरपीचा दवाखाना होता, तिथं लेझर देतात असं कळलं. आईला धरून नेलं. डॉक्टरबाई माझ्याहून लहान, पण बोलायला स्वच्छ. म्हणाल्या, हा अगदी कमी ताकदीचा प्रकाश, कातडीला गरमसुद्धा लागत नाही. सूज आणि दुखणं कमी व्हायला मदत होते. टाच, गुडघा, मान, यांवर देतो. काही ठिकाणी लवकर न भरणाऱ्या जखमांवर देतात, कॅन्सरच्या पेशंटना तोंडात फोड येतात त्यावरही देतात. "पण जादू नाही हां, व्यायाम करावाच लागेल." दहा वेळा यायचं ठरलं. आतल्या खोलीत डोळ्यांना लावायचे काळे चष्मे दोनच होते, एक डॉक्टरांचा, एक पेशंटचा. त्यामुळे मला बाहेर बाकावर बसवलं.

पहिल्या दिवशी आई हसत बाहेर आली. "चष्म्यात कशी दिसत असन मी?"

"स्मगलरसारखी," मी म्हटलं. इतकी खूश झाली की घरी येईपर्यंत तेच सांगत होती. परतताना बाजारातून जायचा तिचा हट्ट असे. विकायचं नाही, घ्यायचं नाही, फक्त दुसऱ्यांच्या पाट्यांत डोकावून नाक मुरडायचं. मला कचेरीत उशीर व्हायचा, मी चिडायचे. आता वाटतं, अजून एक फेरी मारायला काय जात होतं माझं?

पाचव्या वेळेनंतर डॉक्टरबाई खुशीत म्हणाल्या, "आजींचा हात मस्त आहे. सूज अजिबात नाही." त्याच संध्याकाळी घरी आईच्या हातून चहाचा कप पडला. माझं डोकं फिरलं. लेझर-बिझर सगळं थोतांड आहे, या बाईला मी सोडत नाही, असं म्हणत पुढच्या वेळी मी आईच्या मागोमाग थेट आतल्या खोलीत घुसले. "दाखवा, काय करता ते दाखवा मला."

डॉक्टरबाई गोंधळल्या. त्यांनी मशीन बंदच ठेवलं, ते पेनासारखं टोक उचललं आणि आईचा डावा हात पुढे घेतला.

डावा. ठणठणीत, कधी दुखला नाही असा डावा हात. डॉक्टरबाईंकडूनच कळलं, पहिल्या दिवशी आत तपासताना आईनं स्वतःच तो पुढे केला होता, आणि त्यांनी अंगठा दाबल्यावर बरोब्बर जागेवर "आयो गं" म्हणाली होती. पाच वेळा ती चष्मा लावून, चांगल्या हाताला औषध घेऊन, बाजार फिरून घरी आली होती.

मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती खाली मान घालून ऐकत होती. मग उजवा हात पदराखालून काढून तिनं मांडीवर ठेवला. मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदण होतं, एक तुळस आणि खाली तीन ठिपके. रंग हिरवट पडलेला. शेजारणीच्या नातीनं पनवेलला जाऊन हातावर गोंदलेलं एका मुलाचं नाव पुसून घेतलं होतं, लेझरनंच. आईनं ते ऐकलेलं.

"मना वाटला, हा पन गोंदन पुसून टाकील," ती म्हणाली.

"गेलं तर गेलं, हात तर बरा होईल," मी अजून रागातच होते.

"न्हाय. ह्ये आमी दोघींनी एकाच दिवशी गोंदून घेतलेलं, पालीच्या जत्रेत. मी न् माजी बहीन." तिला एक धाकटी बहीण होती, तापानं गेली, एवढंच मला माहीत होतं. "ती गेली तवा नऊ वर्षांची, मी अकराची. तिचा फोटो न्हाय, काय न्हाय. आता मी ही अशी म्हातारी. वर गेल्यावर ती मना कशी वळखनार? गोंदन बघूनच ना?"

मेल्यावर सोनं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आमच्याकडे मानतात. लहानपणापासून ऐकलेलं. पण तिकडे कुणीतरी वाट बघत असेल, असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला. "आजी, ते मशीन वेगळं, त्याची ताकद फार जास्त. यानं गोंदण जात नाही. पण गोंदणावर मी हेही देणार नाही. शाई प्रकाश शोषते, तिथं चटका बसू शकतो. गोंदण सोडूनच देऊ."

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही सगळं तिचंच खरं ठरलं होतं. आणि अट घातली, पोरीनं समोर बसायचं. तिसरा चष्मा आला. पुढचे सगळे दिवस मी तिच्यासमोर बसले, गोंदणावर तळवा ठेवून. तिचा हात गार असायचा. लेझरमुळे म्हणा, व्यायामानं म्हणा, दुखणं पुष्कळ उतरलं. पूर्वीचा वेग काही आला नाही, पण पुढच्या हंगामात ती पुन्हा जोड्या अडकवायला बसली आणि मला पुन्हा शिव्या बसू लागल्या. तो हंगाम फार चांगला गेला.

गेल्या वर्षी आई गेली. बायकांनी अंघोळ घालून तिला नवं लुगडं नेसवलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी पुढे होऊन उजवा हात बाहेर काढला, उलटा करून छातीवर ठेवला. माझी काकू म्हणाली, अगं झाक, असं उघडं ठेवत न्हायीत. तिनं पदर ओढला, मी परत बाजूला केला. तिनं पुन्हा ओढला तेव्हा मात्र मी सगळ्यांदेखत काकूचा हात धरला.

"काकू, राहू दे," मी म्हटलं. "तिकडं नऊ वर्षांची पोर हाय. तिला दिसायला नको?"