केसभर मास्तरांचा ठोकळा

कारखान्यात लोखंड कातायच्या लेथ यंत्रावर अडतीस वर्षं काढलेल्या त्या म्हाताऱ्याला सगळे 'केसभर मास्तर' म्हणायचे. 'केसभर जास्त गेलं', 'केसभर कमी पडलं', याखेरीज त्यांच्या तोंडून दुसरं मोजमाप निघायचं नाही. आता डोक्यावर एक केस उरला नव्हता, नाव मात्र टिकून होतं. कान त्या यंत्रांच्या खडखडाटातच गेले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडून केलेली विचारपूससुद्धा भांडणासारखी वाटते. म्हणून घरात बोलणंच कमी झालं होतं.

त्यांची सून दिवसभर हेडफोन लावून एका फोन कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. संध्याकाळी ती खिडकीशी बसून इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, पण अ‍ॅम्प्लिफायर न लावता. मोठ्या आवाजाचा तिला वीट आला होता. एक जाड तार छेडायची आणि सूर विरून जाईपर्यंत गप्प बसायचं, हेच तिचं वाजवणं. नवरा चेष्टा करायचा, "गाणं कधी सुरू होणार?"

एकदा सासऱ्यांनी शेजारी स्टूल ओढलं, गिटारच्या वरच्या, शिंगासारख्या पुढे आलेल्या टोकावर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटले. यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते कारखान्यात ते असंच ओळखायचे. लाकडी काठीचं एक टोक यंत्राला, दुसरं दाताला.

"आहे," ते पुटपुटले. मग पुन्हा, "आहे... अजून आहे..." आणि बऱ्याच वेळाने, "गेला."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढायचं, पडदा श्वास घेतल्यासारखा हलायचा, आणि त्या दोघांच्या मध्ये एकच सूर हळूहळू मावळत जायचा. ती मनातल्या मनात आकडे मोजायची. सुरुवातीला सव्वीसपर्यंत, म्हणजे हाडातून तिच्या कानांपेक्षाही लांब, त्यांचं 'आहे' चालायचं. मग बावीस झाले. मग एकोणीस. वर्ष सरता सरता तेरावर आलं. तिच्या कानांना तोच सूर अजून चोविसापर्यंत ऐकू येत होता.

"तुझ्या गिटारचा सूर हल्ली लवकर मरतो गं," ते म्हणाले.

"हो ना बाबा, मलाही तसंच वाटतं," तिने ओरडून सांगितलं. खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती. हे आकडे असेच उतरत शून्यावर आले, तर म्हातारा त्या शांततेत एकटाच राहणार होता.

सूर चोवीस आकडे टिकतो, तो आणखी लांबवता येईल का, हे विचारायला ती गिटार घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने मागची झाकणपट्टी काढून आतला ठोकळा दाखवला. वरचा दांडा दाबला की सूर लहरतो, तो या ठोकळ्याच्या जोरावर. तारांची टोकं त्यातच अडकवलेली असतात.

"हा ओतीव जस्ताचा आहे. याच्या जागी पोलादी बसवला तर सूर थोडा लांबतो," तो म्हणाला. "पण खरं सांगू ताई? एखाद-दुसऱ्या आकड्याचा फरक. तेवढ्यासाठी खर्च करू नका."

घरी येऊन तिने हे सासऱ्यांना कागदावर लिहून दाखवलं. मास्तरांनी तोच कागद घडी करून खिशात घातला, ठोकळा बाहेर काढायला लावला आणि त्यावर कानस ओढली. "वरून चकचकीत प्लेट, आत हे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! विकत आणायचा नाही. मी करतो."

जुन्या कारखान्यात त्यांना कोण नाही म्हणणार? भरीव पोलादाचा तुकडा निघाला, यंत्र मोकळं करून दिलं गेलं. पहिला ठोकळा तारांसाठीच्या सहा भोकांपैकी चौथ्यापाशी फुकट गेला. ड्रिल मोडण्याआधी किंचाळलं, तेव्हा आसपासचे सगळे वळून बघायला लागले. मास्तर दाबतच राहिले.

त्या संध्याकाळी ते स्टुलावर आले नाहीत. "अख्ख्या कारखान्याने ऐकलं," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "एक मी सोडून."

तिला रडूच आलं. गिटार त्या दिवशी कोपऱ्यातच राहिली.

पण हाडाचा कारागीर तो. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली झाडूची काठी कापून नेली, एक टोक यंत्राच्या पकडीला टेकवलं आणि दुसरं दातात धरलं. सहाही भोकं सरळ उतरली.

दुरुस्तीवाल्याने तो ठोकळा तळहातावर तोलला आणि किती तरी वेळ उलटसुलट करून बघितला. "काम देखणं आहे," तो म्हणाला, "पण आशा जास्त ठेवू नका."

नवा ठोकळा बसला. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढायला लागलं होतं. मास्तरांनी हनुवटी टेकवली, डोळे मिटले. तिने तार छेडली.

"आहे..."

तेरा झाले. चौदा. ती श्वास रोखून मोजत राहिली. वीस झाले, तरी त्यांचं 'आहे' चालूच. पंचविसाला तिच्या स्वतःच्या कानांतून सूर गेला. दुरुस्तीवाला खरं बोलला होता, एकाच आकड्याचा फरक.

"अजून आहे," मास्तर म्हणाले.

तिने अलगद तारांवर तळहात ठेवला. तारा थंड, निपचित होत्या.

"आहे..."

त्यांच्या चेहऱ्यावर लहान मूल झोपेत हसतं तसं काहीतरी होतं. ते तिला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, की आपल्या ठोकळ्याची लाज राखत होते, की खरंच कुठेतरी ऐकत होते, ते तिला कळेना. विचारायचं तर ओरडावं लागलं असतं.

म्हणून तिने हात तारांवर तसाच ठेवला, वाकली, आणि गिटारच्या दुसऱ्या कडेला आपलीही हनुवटी टेकवली.

आधी काहीच नव्हतं. मग लाकडातून, थेट तिच्या दातांत, त्यांचा आवाज आला, "आहे."