हातांनी उतरवलेलं विमान

अडकायचंच होतं तर आईने अडकायला हवं होतं, असं मी तेव्हा रोज म्हणायचे. माझ्या बाळंतपणासाठी बाबा आधी आले, आई महिन्याभराने येणार होती, आणि मधेच सीमा बंद झाल्या. आई पुण्यात एकटी. ऑस्ट्रेलियात टूनगॅबीच्या घरात माझ्या दिमतीला बाबा, ज्यांची उमेदीची वर्षं विमानवाहू जहाजावर विमानं दुरुस्त करण्यात गेली. नवरा कोविड वॉर्डातला डॉक्टर, म्हणून तो मागच्या खोलीत वेगळा राहायचा. देवाने माझं ऐकलं नाही ते बरंच झालं.

मुलगी झाली. तिला आंघोळ घालायची मला भयंकर भीती. तेल लावलेलं बाळ हातातून निसटणार, हे मी धरूनच चालले होते. बाबांनी मात्र बाथरूममध्ये पाट मांडला, पाय लांब केले, मुलीला पायांवर पालथं घेतलं आणि फोनवर आई सांगेल तसं चोळायला लागले. आई ओरडली की “येस, मॅडम” म्हणायचे.

अंगाईऐवजी ते नातीला विमानांच्या गोष्टी सांगत. पहिल्या महायुद्धात जहाजांवर विमानं आली तेव्हा फक्त उडायची सोय होती. तोफेवर फळ्या ठोकून छोटी धावपट्टी करायची आणि वाऱ्याच्या तोंडावर विमान सोडायचं. इथल्या ऑस्ट्रेलियन क्रूझर युद्धनौकेवरसुद्धा तसंच. परत उतरायला जागाच नाही. जमीन जवळ नसली तर वैमानिक जहाजाशेजारी पाण्यात उतरायचा. मग एका तरुणाने चालत्या जहाजावर उतरून दाखवलं. ब्रेक नाहीत, अडवायला तारा नाहीत. विमान डेकवर आलं तसे त्याचे सोबती धावले आणि विमानाला लावलेले पट्टे धरून त्यांनी ते हातांनी खाली ओढलं.

पुढे त्याचं काय झालं, मी विचारलं.

“पुन्हा उतरताना समुद्रात पडला. गेला बिचारा.” बाबांनी मुलीच्या डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून पाणी घातलं. “पण जमतं, हे कळलं ना. तारा नंतर आल्या. आम्ही आयत्यावर आलो.”

काही महिन्यांनी भारतात जाणाऱ्या खास विमानात बाबांना जागा मिळाली. ते नको म्हणाले. मग कळलं की आई पडून तिचा हात मोडलाय. फोनवर ती नुसता चेहरा दाखवायची, वेणी शेजारीण घालून द्यायची. पुन्हा जागा आली, बाबा पुन्हा नको म्हणाले. एकदा गेले की त्यांना परत येता येणार नव्हतं, आणि माझ्या हातून आंघोळ होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पाटावर बसले. मुलीला पायांवर घेतलं. बाबा दारात दोन्ही हात पुढे करून उभे होते, पण त्यांनी ते लावले नाहीत. मी तिला चोळलं, धुतलं, पंच्यात गुंडाळलं.

आमच्याकडे घरच्यांना कोणी थँक्यू म्हणत नाही. त्या दिवशी मी म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि आईला फोन लावला.

“तिला जमलं. मी येतोय,” ते म्हणाले, आणि बॅग काढायला आत गेले.