मुठीचा वास

“हिच्या मुठीला वास येतोय. यांच्यात स्वच्छतेची सवयच नसते.”

काकू शेजारी उभ्या असलेल्या प्रमुख पाहुण्यांना हळूच म्हणल्या होत्या. पण माइक चालू होता. शिबिराचा हॉल भरलेला. पुढच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. मी स्टेजवर उभी, उजवा हात छातीशी आवळलेला. मान खाली गेली ती वर येईना.

या काकूंच्या घरी, पुंडलिकनगरात, मी आठ वर्षं पोळ्या केल्या. तिथंच, त्यांच्याच ओट्यापाशी, लाटता लाटता लाटणं हातातनं सुटलं. तोंड वाकडं झालं. उजव्या अंगावरून वारं गेलं.

पाय दोन-तीन महिन्यांत ओढत का होईना चालायला लागला. हात नाय. आधी नुसता लोंबायचा, मग हळूहळू आवळत गेला. कोपर दुमडलं, मनगट आत वळलं, बोटं मिटली. अंगठा बोटांखाली दबला. नखं तळव्यात रुतायची. आत घाम साचायचा, कातडी कुजायची. माझी लेक मंगल चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला जाते. निघायच्या आधी ती रोज ओलं फडकं मुठीत सारायला बघायची. बोटं ओढली की मूठ अजूनच घट्ट. मी ओरडायची, ती रडायची.

म्हणजे वास होता. सगळ्यांच्या आधी मलाच यायचा. जेवताना मी उजवा हात पदराखाली झाकून ठेवायची.

काकूंच्या मंडळानं शिबिर ठेवलं. ताठलेले स्नायू ढिले करायचं इंजेक्शन, फुकट. लई महागाचं, आपल्याला झेपणारं नाय. काकूंनी स्वतः निरोप धाडला. मला वाटलं, आठवण ठेवली बाईनं. आत डॉक्टरांनी हात तपासला, दंडावर न् मनगटाच्या वर पेनानं खुणा केल्या. म्हणले, काही महिने ढिला राहील, तेवढ्यात व्यायाम करून घ्या. मग मंडळाची माणसं आली. आधी स्टेज, आधी फोटो. इंजेक्शन नंतर.

फोटोवाल्याला माझा हात वर पाहिजे होता. पाहुण्यांनी मनगट धरलं आणि खेचलं. खांद्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधार आला.

“हस जरा,” काकू म्हणल्या. “फुकट मिळतंय ना?”

स्वयंपाकघरात ही बाई मला मावशी म्हणायची.

मी डाव्या हातानं पाहुण्यांची बोटं सोडवली. एक एक. माझी जीभ तेव्हा जड होती, शब्द तुटायचे. तरी माइकपाशी तोंड नेलं.

“आठ वर्षं. याच हातचं. खाल्लं तुम्ही. तेव्हा वास. आला नाय का?”

मंडळाचा एक माणूस कानाशी येऊन म्हणला, खाली उतरलात तर यादीतनं नाव जाईल. खालून मंगल हातानं खुणावत होती, थांब म्हणून. तिचं चूक नव्हतं. मला पण तो हात पाहिजेच होता. पण मी उतरले. पायरी पायरीला पाय ओढत. पेनाच्या खुणा तशाच घेऊन घरी आले.

मंगल दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती. तिनं आधी विचारलं, हात धरू का. मग मंगलला दाखवलं. बोटं ओढायची नाहीत. मनगट खाली वाकवायचं, बोटं आपसूक सैल पडतात. मग अंगठा बुडाशी धरून बाहेर काढायचा.

मूठ उघडली. तळवा पांढराफट, भिजून फुगलेला, नखांच्या चार जखमा. वर्षभरानं दिसला मला माझा तळवा. मंगल रडायला लागली. मला रडू आलं नाय, राग आला. एवढीशी गोष्ट. वर्षभर कुणी सांगितली नाय, आणि लाज मात्र मीच वाटून घेतली.

आता हात रोज धुते. रात्री पट्टी बांधून झोपते. कोपर अर्धं सरळ होतं. बोटं उघडून दिली तर फडकं धरून ठेवतात. लाटणं धरत नाय. धरणारही नाय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पोळ्यांची कामं गेली ती गेली.

ते इंजेक्शन सरकारी दवाखान्यातही मिळतं. साठा आला तर. माझं नाव यादीत आहे. दर सोमवारी तिथल्या औषधाच्या खिडकीवर जाते. कारकून मान वर न करता म्हणतो, पुढच्या आठवड्यात या. लई आठवडे मी मुकाट्यानं परत आले. आता तशी येत नाय.

“साठा नाय, तर नाय असं कागदावर लिहून द्या. खाली सही करा.”

तो म्हणतो, बाजूला व्हा, मागं लाइन आहे.

मागं लाइन आहे, हे मला दिसतं. तिच्यात चार-पाच जण माझ्यासारखाच छातीशी आवळलेला हात घेऊन उभे असतात. त्यांनाही मी सांगितलंय, लिहून मागा म्हणून. मी बाजूला होत नाय. कागद मिळाल्याशिवाय होणार नाय.