काकांचा आयरिश दानधर्म

फक्त भिक्षा घालण्यापुरती आयरिश भाषा येणारा मराठी माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच, आणि तो मुरबाडजवळच्या धसईत राहतो. तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. त्यांची मुलगी आयर्लंडात नर्स आहे आणि नात तिथल्या शाळेत आयरिश शिकते. व्हिडिओ कॉलवर नात हौसेने 'पाऊस', 'मांजर' असले शब्द शिकवायला लागली, तर हे म्हणाले, "ते ऱ्हाव दे गो. तुमच्यात दानाला काय म्हणतात?" भिक्षेला 'डेर्क' म्हणतात आणि त्याचा जुना अर्थ देवाचं प्रेम, हे कळल्यावर तर माणूस कामातूनच गेला. भात झोडून झालं की घरी नेण्याआधी खळ्यावर येईल त्याला सूपभर भात घालायची आमच्याकडे रीत. काका सूप ओतताना "डेर्क! डेर्क!" असं खणखणीत ओरडत. वाडीवरच्या बाया पदरात हसत म्हणत, "म्हाताऱ्याला दिल्याबिगर ढेकर येत नाय."

'आभारी आहे' हे शिकायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "घेणाऱ्यांचे शब्द आपल्याला कशाला?" घेणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. शेजारून वाटीभर कालवण आलं तर वाटीसोबत पायलीभर तांदूळ परत जात. एका लग्नात आहेर स्वीकारावा लागू नये म्हणून हा गृहस्थ भर मांडवातून बैलांना पाणी पाजायला पळाला होता. बैल त्यांचे नव्हतेच.

गेल्या वर्षी मावशी गेली आणि हा हट्ट त्यांच्या जिवावर उठला. स्वयंपाक येत नाही आणि कुणाचा डबा घ्यायचा नाही. मी नेलेला डबासुद्धा "आमी काय भिकारी हाव?" म्हणून परत. चहा-बिस्किटांवर माणूस निम्मा झाला. मला त्यांचा राग यायचा आणि भीतीही वाटायची.

एका दुपारी मी काकांकडे बसलेलो असताना बुधीबाय आली. वाडीवरची म्हातारी, दरवर्षी खळ्यावर सूप घेणारी. तिने शेवळाची भाजी आणि तांदळाची भाकरी काकांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी मान फिरवली.

"इतकी वर्सं तुमच्या खळ्यावर येतंय, मी कदी लाजली का?" ती म्हणाली. "मंग तुमालाच कसली लाज?"

काकांनी ताट जवळ ओढलं. मग खाली मान घालून जेवू लागले. मी उगाच अंगणात बघत बसलो. ताट पुसून झाल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "अजून अर्धी असंल तर वाढ गो."