तिसरा पिंजरा

इजिप्तमधल्या टांटा शहरातल्या औषधशास्त्र कॉलेजातल्या उंदीरखान्याचे राखणदार शहाताकाका कुणाच्या बापाला घाबरत नसत. घाबरत ते फक्त स्वतःच्या गुडघ्यांना. संधिवाताने ते पार सुजले होते. "माझं शरीर वेडं झालंय," काका सांगत, "घरचाच पहारेकरी घरच्यांना बडवतोय!"

डॉक्टरेट करणारी इन्साफ नेमकं हेच दुखणं उंदरांच्या पायांत मुद्दाम उठवायची. मेलेले जंतू तेलात कालवून टोचले, की उंदराचं शरीर चवताळून स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडे. पहिला पिंजरा न टोचलेल्या, धडधाकट उंदरांचा. टोचलेल्यांपैकी दुसऱ्या पिंजऱ्याला औषध घातलेलं खाणं, तिसऱ्याला नुसतंच. दोघांत फरक दिसला, तरच प्रबंध पुढे जाणार.

रमजानात घोटाळा झाला. दोन्ही पिंजऱ्यांची सूज सारखीच उतरली.

"काका, तिसऱ्याला काय घातलंत?"

"दुसऱ्यातलं अर्धं. एकानं खायचं आणि शेजाऱ्यानं तोंडाकडे बघत बसायचं? तेही रमजानात? नाव इन्साफ, आणि वागणं हे!"

"अहो, तिसरा सुजलेला राहिला तरच माझं औषध लागू पडलं हे कळणार ना! सगळी मेहनत पाण्यात घातलीत!" ती मटकन बसून रडायलाच लागली.

काका वरमले. पोरीवर त्यांचा फार जीव. आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर प्रबंध गुंडाळायचा. "माझ्या डोळ्यांची शपथ," काका म्हणाले, "तिसऱ्याला कणही देणार नाही."

ईद झाल्यावर प्रयोग पुन्हा मांडला. काकांनी शपथ पाळली. शेवटच्या मोजणीत दुसऱ्या पिंजऱ्याचे पाय सडसडीत, तिसऱ्याचे टम्म.

"काका, जमलं!" इन्साफ ओरडली. काका स्टुलावरून उठेनात. गुडघ्यांचे भोपळे झालेले.

"संधिवाताच्या गोळ्या संपल्या का?"

"संपतील कशा? घेतल्याच नाहीत. तू उंदरांना टोचलंस तेव्हापासून."

"अहो, पण का?"

"त्यांच्यासमोर मी एकट्यानं कशी गिळायची, पोरी?"

"मग घरी घ्यायची!"

"म्हणजे चोरून?"

हसावं की रडावं, तिला कळेना. तिने काकांच्या खिशातली गोळी काढून पुढे केली. काकांनी हात मागे घेतला.

"मोजणी झाली ना? मग आधी त्यांना."

इन्साफने औषधाचं खाणं तिसऱ्या पिंजऱ्यात ओतलं. उंदीर लंगडत आले, कुरतडू लागले. सगळ्यांत मागचा पोचेपर्यंत काका थांबले, मग बिस्मिल्ला म्हणून त्यांनी गोळी तोंडात टाकली.